कॅरॅव्हॅनचा मैला कुठे रिकामा करायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन (राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) पर्यटनाचे धोरण आणले. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतची कोकणची हवा अशा प्रवासाला फार चांगली. पण वाडीत ‘कॅरॅव्हॅन लावता येईल’ अशी पाटी लावणाऱ्या मालकांनी एका गोष्टीची सोय आधी करायला हवी. ती म्हणजे गाडीतला मैला.

बऱ्याच गाड्यांत संडासाखाली साधारण २० लिटरची सुटी टाकी असते. चार माणसांत ती दोन दिवसांत भरते. पाहुणे ती घराच्या सेप्टिक टँकमध्ये ओततात. वास येऊ नये म्हणून तिच्यात घातलेले रसायन फॉर्मॅलिनचे असेल, तर टँकमधले जिवाणू मरतात, मैला कुजत नाही आणि गाळ शोषखड्ड्यात जाऊन तो तुंबतो. जांभा सच्छिद्र, त्यातून हे पाणी विहिरीला लागायला वेळ लागत नाही. म्हणून फॉर्मॅलिनचे रसायन चालणार नाही, हे बुकिंग घेतानाच सांगावे. टाकी ओतायला झाकणाचे चेंबर, तिथून सेप्टिक टँककडे जाणाऱ्या चार इंची पाइपला नीट उतार आणि विहिरीपासून निदान २० मीटर लांब शोषखड्डा एवढे लागते. टाकी विसळायचा नळ चेंबरपाशी आणि पिण्याच्या पाण्याचा नळ दूर ठेवावा. दोन्ही एकाच ठिकाणी असले की टाकी विसळलेलीच नळी पाणी भरायला लावली जाते.

विजेसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. पडवीतल्या ६ अँपिअरच्या सॉकेटला अ‍ॅडॉप्टर लावून एसी आणि इंडक्शन एकदम चालवले की सॉकेट वितळते. चैत्र-वैशाखात जांभा कोरडा पडतो आणि अर्थिंग कमजोर होते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे.

गाडी पुळणीवर तर नेऊच नये. ओहोटीची ओली वाळू कडक वाटते, पण तीन टनांची गाडी थांबली की चाके रुततात आणि भरती कोणासाठी थांबत नाही. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. उधाणाच्या दिवसांत पाणी आणखी वर येते.

हाच हिशेब दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीलाही लावावा. पाणी उतरले की बोट खाली बसते, रॅम्पचा उतार वाढतो आणि मागच्या चाकांपलीकडचा लांब भाग काँक्रीटला घासतो. काही गाड्यांत सांडपाण्याची तोटी नेमकी तिथेच असते. लांब गाडीने भरतीच्या आसपासची फेरी धरावी आणि चढण्याआधी गॅस सिलिंडरची कळ बंद करावी.

कॅरॅव्हॅनच्या जोडीला पाहुण्यांसाठी लाकडी कॉटेज बांधणाऱ्यांनी ती जांभ्याच्या खांबांवर दीड-दोन फूट उचलून बांधावीत. खालून वारा खेळतो आणि वाळवीची मातीची वाट चढताना डोळ्यांना दिसते. खाऱ्या वाऱ्यात साधे खिळे लवकर गंजतात. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात किती पत्रे उडाले ते रायगड-दापोलीकर विसरलेले नाहीत, तेव्हा छप्पर वाशांना आणि वासे खांबांना बोल्टने बांधलेले हवेत.

ग्रामपंचायतींना कळकळीची विनंती, ना हरकत दाखला देण्याआधी कोणीतरी जागेवर जाऊन चेंबरचे झाकण उघडून पाहावे.

– एक वाचक, रत्नागिरी