पाण्यातही पिकतो पातळ थर

महोदय,

‘पातळ थर बनवायला कोट्यवधींची निर्वात यंत्रे लागतात’ हे रविवारच्या पुरवणीतल्या लेखातले वाक्य वाचून राहवले नाही. पातळ थर म्हणजे काचेसारख्या पृष्ठभागावर चढवलेला, केसाहूनही कितीतरी बारीक असा पदार्थाचा पापुद्रा. प्रयोगशाळा सहायक म्हणून माझी हयात गेली. झिंक ऑक्साइडचे थर आम्ही साध्या पाण्यात, 90 अंश सेल्सिअसवर वाढवत असू. बीकर, वॉटर बाथ, थर्मामीटर आणि काचपट्ट्या, बस्स.

झिंक नायट्रेट आणि हेक्झामिन पाण्यात विरघळवायचे. तापवल्यावर हेक्झामिन हळूहळू फुटते, अमोनिया सुटतो आणि जस्ताचे ऑक्साइड होऊन काचेवर बसते. सगळी गोम त्या ‘हळूहळू’त आहे. घाई झाली की काच कोरी आणि बीकरभर पांढरा साका! काचेला आधी झिंक ऑक्साइडच्या बारीक कणांचे विरजण लावावे लागते, नाहीतर थर तुटक येतो. शिवाय काच पालथी टांगायची, म्हणजे गाळ तिच्यावर बसत नाही. हे मला सुरुवातीला कुणी सांगितलेच नव्हते. दोन आठवडे काचा फुकट गेल्या, बोलणी खाल्ली ती वेगळीच.

हा थर यंत्रातल्या थराइतका गुळगुळीत नसतो, हे कबूल. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली षटकोनी कांड्यांचे रान दिसते. पण वायू ओळखणाऱ्या संवेदकाला तोच खडबडीतपणा हवा असतो, आणि 90 अंश बऱ्याच प्लास्टिकलाही सोसतात, म्हणजे काचेऐवजी त्यावरही थर चढवता येतो. आमच्या शिवाजी विद्यापीठात तर अशा रासायनिक थरांवर कित्येक वर्षे काम चालले आहे. लेखात त्याचा उल्लेखही नसावा?

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, कोल्हापूर