बेप्पूच्या गरम पाण्यात उतरण्याआधी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तिघं जपानला निघालात आणि दक्षिणेकडच्या क्यूशू बेटासाठी दोन दिवस राखलेत हे फार चांगलं केलंस. ते दोन्ही दिवस बेप्पूलाच दे. फुकुओका शहरातल्या हाकाता स्टेशनवरून सोनिक एक्सप्रेसने साधारण दोन तास लागतात. या एका शहरात जमिनीतून गरम पाणी येण्याच्या दोन हजारांवर जागा आहेत आणि कित्येक गावकऱ्यांची रोजची आंघोळ त्याच पाण्यावर होते. म्हणून हॉटेलातल्या हौदात पैसे घालवू नकोस, सार्वजनिक स्नानगृहातच जा. फक्त 'जिगोकु' म्हणजे 'नरक' म्हणतात ती कुंडं निव्वळ बघण्याची. त्यातलं उमि जिगोकु निळंशार दिसतं, पण पाणी ९८ अंशांचं!

सुरुवात ताकेगावारा या जुन्या सार्वजनिक स्नानगृहापासून कर. स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. स्नानगृह १८७९ पासूनचं, आताची लाकडी इमारत १९३८ ची. खिशात शंभर येनची नाणी असू देत, लहान स्नानगृहांत कार्ड चालेलच असं नाही. दारावरच्या पडद्याच्या रंगावर विसंबू नकोस, अक्षर बघ. पुरुषांच्या अक्षरात वर चार खणांची चौकट असते, बायकांच्या अक्षरात ती नसते.

आपण वज्रेश्वरीच्या कुंडात कपड्यांनिशी उतरतो, इथे ते अजिबात चालत नाही. पंचासुद्धा नाही. सगळे कपडे टोपलीत किंवा कप्प्यात, मोबाइलही तिथेच. हातात फक्त छोटा टॉवेल. पहिली दोन मिनिटं लाज वाटेल, मग लक्षात येईल की तुझ्याकडे कोणी बघतही नाहीये. वहिनींना किंवा आईंना हे जमणार नसेल तर तासावर भाड्याने मिळणारी खासगी खोली घ्या. 'काशिकिरी' म्हणून विचारायचं.

आता मुख्य गोष्ट. आंघोळ हौदाबाहेर होते, हौद फक्त बसण्यासाठी. ताकेगावारात शॉवर नाही. हौदाच्या कडेला बसायचं आणि छोट्या बादलीने पाणी काढून आधी पावलांवर, मग गुडघे, कंबर, शेवटी खांदे, असं आठ-दहा वेळा ओतायचं. याने घाम-धूळ जाते आणि अंगाला त्या उष्णतेची सवयही होते. मग साबण लावून नीट धुवायचं. फेसाचा ओघळ हौदाकडे जाऊ द्यायचा नाही आणि शेजाऱ्यावर शिंतोडे उडवायचे नाहीत. बायकांनी केस वर बांधायचे. टॉवेल हौदात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा.

हौदात पाणी ४२ अंशांच्या पुढे असतं, गल्लीतल्या स्नानगृहांत ४४ सुद्धा. हळूहळू उतर आणि मग हलू नकोस. कातडीला लागून पाण्याचा किंचित निवलेला थर तयार होतो, हालचाल केलीस की तो मोडतो आणि चटका बसतो. फारच कडक वाटलं तर गार पाण्याचा नळ परस्पर सोडू नकोस. तिथल्या आजोबांना ते कढतच हवं असतं! 'मिझु ओ इरेते मो ई देस का?' म्हणजे 'गार पाणी घातलं तर चालेल का?' असं विचार, बहुतेकदा मान डोलावतात.

तीन-चार मिनिटांनी बाहेर येऊन कडेला बस, मग पुन्हा उतर. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं भरपूर झाली. नवखे लोक घेरी येऊन पडतात ते उठताना. उष्णतेने रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरतो. आईंच्या बीपीच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेव. भरल्या पोटी किंवा दारू घेऊन जायचं नाही. आधी आणि नंतर पाणी प्यायचं. कपड्यांच्या जागी परतण्याआधी अंग त्याच टॉवेलने पिळून-पिळून टिपून घ्यायचं, तिथली जमीन ओली करणं फार वाईट दिसतं.

दागिन्यांचं मात्र गंभीरपणे घे. म्योबान भागातलं पाणी गंधकाचं आहे. त्यातल्या वायूने चांदी काळी पडते, म्हणून वहिनींची जोडवी आणि पैंजण हॉटेलातच राहू देत. बावीस कॅरटच्या सोन्यातही चांदी-तांब्याची भेसळ असते, तेव्हा मंगळसूत्रही नको. त्याच दिवशी दाढी केलीस तर त्या आंबट पाण्याने गाल चुरचुरतील. आईंच्या हातावर गोंदण आहे ना? जपानमध्ये कित्येक ठिकाणी गोंदलेल्यांना मज्जाव असतो. बेप्पूत पुष्कळ ठिकाणी चालतं, तरी हॉटेलात आधी विचार आणि झाकायला त्वचेच्या रंगाची पट्टी जवळ ठेव.

दुसऱ्या दिवशी बेप्पूतलाच कान्नावा भाग. तिथलं वाफेचं स्नान इप्पेन नावाच्या भिक्षूने १२७६ साली सुरू केलं म्हणतात. बुटक्या दारातून वाकून आत शिरायचं आणि सेकिशोच्या पाल्यावर आठ-दहा मिनिटं पडून राहायचं. ही वनस्पती वेखंडाच्या कुळातली, वास घेतलास की पटेल. आत पातळ सुती कपडे घालतात, त्यामुळे लाजेचा प्रश्नच नाही. आईंना मात्र आत पाठवू नकोस, वाफ फार कोंडते. त्यांना जमिनीतल्या वाफेवर शिजवलेलं रताळं, मका आणि भोपळा खायला घाल. शाकाहारी माणसाची तिथे चांगली सोय होते.

तारखा पक्क्या झाल्या की कळव. स्नानगृहांची साप्ताहिक सुट्टी वेगवेगळ्या वारी असते, वार बघूनच क्रम लावू.

वहिनींना नमस्कार, आईंना साष्टांग दंडवत.

तुझा,
मंदार