बिनजिऱ्याच्या बाटलीसाठी, काकू, तुमचे आभार

काकूंना सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, कोकम सरबताची बाटली संपली. मोठ्या बाटल्या अजून आहेत. संपली ती लहान, गळ्याला काळा दोरा बांधलेली. अकोल्याहून दादाचा फोन आला होता. बाबा दुपारी स्वतः उठून फ्रीजपाशी गेले आणि वहिनीला म्हणाले, "ते लाल पानी सरलं का?" तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. आमच्याकडे मात्र एवढ्यावरून लगोलग मावशीला, आत्याला, मला फोन झाले आणि सांगता सांगता वहिनी रडली. बाबांनी आपणहून प्यायला काही मागितलं, असं गेल्या उन्हाळ्यापासून झालंच नव्हतं.

निघताना मी तुम्हाला थँक्यू म्हणायला लागले तर तुम्ही "होय गो, जा आता, गाडी चुकतली" म्हणून मला हाकललंत. म्हणून आता लिहितेय, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. नातू वाचून दाखवेलच. मधेच उठून चुलीकडे जाऊ नका.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला तर त्याची कुणी बातमीही करत नाही. दुपारी रस्ते ओस, बाहेर पडलाच तर दुपट्टा बांधून, आणि घरात कूलरची घरघर. बाबांचं सगळं आयुष्य त्यात गेलं. खिशात कांदा ठेवून भर उन्हात सायकलीवर गाव फिरलेला माणूस. पण वय झालं की ऊन ओळख ठेवत नाही. गेल्या मे महिन्यात त्यांना लू लागली, सलाईनवर ठेवावं लागलं. घरी आले ते तोंडाची चव हरवूनच. पाणी नको. ताक आंबट लागतं. ओआरएस दिलं की "औषध कायले देता?" सकाळी उशाशी ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच गच्च भरलेला.

आणि मी इकडे कोकणात, बदली होऊन कुडाळला. गाडीनं एक रात्र आणि वर जवळजवळ एक दिवस, इतकी लांब.

त्या वर्षात आम्हाला सल्ले किती मिळाले म्हणून सांगू! एका डॉक्टरांनी कागदावरून मान वर न काढता सांगितलं, "पाणी पाजत जा." जणू आम्ही तोवर त्यांना वाळूच चारत होतो. नात्यातल्या एका काकांनी रोज सकाळी एक व्हिडिओ पाठवायचं व्रत घेतलं. कुणी सब्जा म्हणालं, कुणी जवाचं पाणी, कुणी धने भिजवून. बाबांना न विचारता बाबांसाठी सगळं ठरत होतं, आणि त्यांनी नाही म्हटलं की "हट्टी आहेत" हा शेरा.

कोकम सरबताचं मला इथं आल्यावर सुचलं. पहिल्यांदा नेली ती महामार्गावरच्या एका दुकानातली बाटली. वर झाडाचं चित्र, 'अस्सल' असं ठळक अक्षरात, आणि मागच्या बाजूला मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत सायट्रिक आम्ल आणि रंग. बाबांनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. आजारी माणसाची जीभ फसत नाही, हे त्या दुकानदाराला कुणीतरी सांगायला हवं. मग सरबताचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या एका बाईंना विचारलं, कसं करता. विकत घ्यायलाही तयार होते हो मी, पण मला बाबांच्या बेताचं करून हवं होतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ते हाताला यावं लागतं." एवढंच. साखरेचं माप विचारलं तर विषयच बदलला.

तुमच्याकडे आले ती रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, विकत घ्यायला. तुमच्या पडवीत ओणवं होऊन तुम्ही आमसुलांना पुट देत होतात. सालं रसात बुडवायची, उन्हात पसरायची, सुकली की परत रसात. मनगटापर्यंत हात लालजर्द झालेले. मी म्हटलं, सरबत करायचंय, वडिलांसाठी. तुम्ही हात न थांबवता सगळं सांगून टाकलंत. सालाच्या दुप्पट साखर. एक थर सालं, एक थर साखर, सगळ्यात वर साखरच. किंचित मीठ. चिनीमातीची नाहीतर काचेची बरणी, ॲल्युमिनियमचं भांडं मुळीच नाही. तोंडाला फडकं, आठेक दिवस ऊन, रोज कोरड्या लाकडी डावानं एकदा खालवर. साखर विरघळून पाक सुटला की गाळायचं. संपलं. यातलं काहीही गुपित नाही असं तुम्ही म्हणालात. काकू, ते गुपित आहे हो. फक्त तुम्ही ते तसं ठेवत नाही.

रातांब्यांचे पैसे मात्र तुम्ही मोजून घेतलेत, सुटे नव्हते तर नातवाला दुकानात पिटाळलंत. मला ते फार आवडलं. मालाचे पैसे मालाला. शिकवण्याचा विषयसुद्धा निघाला नाही.

पुढचे दिवस माझी बरणी तुमच्याच अंगणात होती, कारण माझ्या भाड्याच्या खोलीला ऊन येतं ते सकाळी, चहा होईपर्यंत. मेचे दिवस, वळवाचा नेम नाही. मी ऑफिसात असताना ती बरणी किती वेळा आत-बाहेर झाली असेल ते तुम्हालाच ठाऊक. मी आले की तुमची शिकवणी सुरू. "हात सुके कर आधी. पाणी लागला तर बुरशी येतली." मी साखर जरा कमी घालूया का म्हटलं तेव्हा, "कर कमी. मगे फसफसला की माका सांगूक येव नको." अर्धवट पिकलेली फळं तुम्ही माझ्या ढिगातून वेचून बाजूला काढलीत आणि तुमच्या ढिगातली काळपट लाल, बोटानं दाबली की दबणारी, टाकलीत. फोडताना तो पिवळा चीक बोटांना असा चिकटला की दुसऱ्या दिवशी ऑफिसात सही करताना सगळ्यांनी विचारलं. सालं वेगळी, गर नि बिया वेगळ्या. त्या बियासुद्धा तुम्ही टाकू दिल्या नाहीत. त्यांच्या तेलाचं मुठेल होतं आणि थंडीत टाचांना लावतात, हे तेव्हा कळलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

गाळायच्या दिवशी तुम्ही तव्यावर जिरं भाजलंत, खलबत्त्यात कुटलंत. खमंग वास घरभर. पाक पातेल्यात काढलेला होता, गडद, जवळजवळ काळसर लाल. तुम्ही जिऱ्याची पूड चिमटीत घेतलीत, हात पातेल्यावर नेलात आणि थांबलात. माझ्याकडे बघून विचारलंत, "तुझ्या बापाशीक जिऱ्याचो वास चलता?"

मला उत्तर येईना. म्हणजे उत्तर माहीत होतं, नाही चालत. आजारपणानंतर फोडणीत जिरं तडतडलं तरी ते ताट सरकवतात. पण वर्षभरात हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांना काय द्यावं हे प्रत्येकाला माहीत होतं. त्यांना काय चालतं हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या, आणि तुम्ही तर त्यांना कधी पाहिलेलंही नाही. मी म्हटलं, बघा ना तुम्हीच, तुम्हाला काय वाटतं. त्यावर तुम्ही जवळजवळ रागावलात. "माका काय विचारतंस? पिऊचा तेका आसा, माका न्हय."

मी नाही म्हटल्यावर तुम्ही जिरं परत वाटीत टाकलंत, धुतलेली एक लहान बाटली चुलीच्या उबेला धरून कोरडी केलीत, आधी तिच्यात पाक भरलात आणि मगच उरलेल्यात जिरं घातलंत. मग कपाळाला आठ्या घालून काहीतरी शोधायला लागलात. शिवणाच्या डब्यातून काळा दोरा काढलात आणि बाटलीच्या गळ्याला दोन वेढे देऊन गाठ मारलीत. "ह्यी बापाशीची. बाकीची तुमका." चिठ्ठी चिकटवता आली असती. पण चिठ्ठी फ्रीजमध्ये ओली होऊन सुटते हे तुम्हाला माहीत, आणि बाबांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही हे तुम्हाला माहीत नसूनही दोरा बरोबर तिथं उपयोगी पडला.

बाटल्या टॉवेलांत गुंडाळून कोकणकन्येनं ठाण्यापर्यंत आणि तिथून पुढच्या गाडीनं अकोल्याला नेल्या. डब्यातल्या एका आजोबांनी "दारू की काय" असंही विचारून घेतलं. घरी पोचल्यावर एका भागाला पाच भाग थंड पाणी, एवढं करून ग्लास बाबांपुढे ठेवला. काही समजावलं नाही. फक्त म्हटलं, कुडाळच्या काकूंनी तुमच्यासाठी वेगळी काढलीय, जिरं न घालता. त्यांनी ग्लास उजेडाकडे धरला. "रक्तावानी दिसते." मग वास घेतला. मग विचारलं, "त्याहिले कसं माहीत, मले जिरं चालत नाही?"

मी सांगितलं, त्यांनी विचारलं.

बाबांनी ग्लास रिकामा केला. चवीमुळे की त्या विचारण्यामुळे, हे मी ठरवत बसले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दिला, तोही गेला. तेव्हापासून दुपारचा एक ग्लास ठरलेला आहे. त्यामागून आता ताकही थोडं जातं. लू लागलेल्या माणसाला सरबतानं बरं करता येतं असा माझा मुळीच दावा नाही, त्यासाठी दवाखाना गाठावाच लागतो. पण लू लागू नये म्हणून माणसाच्या पोटात पाणी जायला हवं आणि ते जायला ते त्याला प्यावंसं वाटायला हवं, इतकी साधी गोष्ट इतक्या शिकलेल्या माणसांच्या ध्यानात आली नाही याचं मला अजून नवल वाटतं. बाबांना साखरेचा त्रास नाही म्हणून हे जमलं, हेही खरं.

काकू, मी इथं आले तेव्हा ऑफिसातल्यांनी बजावलं होतं, इथली माणसं फणसासारखी, बाहेरून काटे. ही उपमा कोकणाबद्दल बोलताना प्रत्येकजण वापरतो आणि मला ती कधीच पटली नाही. तुमच्यात काटे मला दिसलेच नाहीत. तुम्ही सरळ बोलता एवढंच. गोड बोलून काही न सांगणारे मी पुष्कळ पाहिले, ते सरबतवाल्या बाईंसकट. सभ्यपणा म्हणजे आवाज मऊ ठेवणं अशी आमची एक शहरी समजूत असते. तुम्ही माझ्यावर ओरडत होतात तेव्हा तुमचं लक्ष माझ्या हातांकडे होतं, ते कोरडे आहेत की नाहीत इकडे. आणि जी व्यक्ती घरात नाही, दिसत नाही, कधी भेटणार नाही, तिच्या जिभेचा विचार तुम्ही चिमटीत पूड धरून केलात. याला काय म्हणायचं ते म्हणोत. माझ्या लेखी माणुसकीची सुरुवात तिथं आहे.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमानाची गोष्ट आहे. तरी तुमच्या वाटेवर पावसाआधी झाडांखाली किती रातांबे सडून जातात ते मी बघितलं. काढायला माणूस मिळत नाही आणि पहिल्या सरीनंतर फळ टिकत नाही, असं तुम्ही म्हणालात. एकीकडे हे आणि दुसरीकडे रंगाच्या पाण्याची 'अस्सल' बाटली. जाऊ दे, त्या विषयावर गेले तर पत्र संपायचं नाही. एक मात्र सांगते. पातेलं घासताना साबण लागल्याबरोबर तो लाल डाग निळसर जांभळा झाला आणि मी घाबरून ओरडले, तेव्हा तुम्ही म्हणालात, खऱ्या कोकमाचा रंग असाच पालटतो. घरी गेल्यावर महामार्गावरच्या त्या बाटलीतलं उरलेलं सरबत वाटीत घेतलं आणि चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला. फेस आला. रंग होता तसाच लालभडक राहिला. ती बाटली मोरीत ओतताना मला जे समाधान झालं ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही.

आता कामाचं. पुढच्या मे महिन्यासाठी रातांबे धरून ठेवा, या वर्षीच्या दुप्पट. साखर मी आणेन. माळ्यावरची मोठी बरणी उतरवायला तुम्ही स्टुलावर चढायचं नाही, मी येईपर्यंत थांबायचं. बाबांनी वऱ्हाडातली तूरडाळ पाठवलीय, येत्या रविवारी घेऊन येते. तिचे पैसे मी घेणार नाही, आणि तुम्ही नातवाला सुट्यांसाठी पिटाळायचं नाही. आणखी एक, बाबांनी विचारायला सांगितलंय: पुढच्या वेळी मीठ थोडं जास्त चालेल का?

तुमची,
अकोल्याची पोरगी