सायलीच्या ॲडमिशनबद्दल

पुणे

ती. आई-बाबांना सा. न.

सायलीच्या ॲडमिशनवरून घरात दोन पक्ष पडलेत, हे वहिनीकडून कळलं. बाबा म्हणतात कोल्हापूर, आई म्हणते पुणे, कारण "आत्या आहे तिथे", म्हणजे मी. फोनवर सगळे एकदम बोलता, म्हणून लिहून पाठवतेय. सायलीलाही वाचायला द्या.

बारावी सायन्स झाली आणि पुढे काय करायचं ते ठरत नाही, यात तिचं काही चुकलेलं नाही. पण मग विद्यापीठाच्या नावावरून वाद घालण्यात अर्थ नाही. पुणे विद्यापीठ १९४९चं, शिवाजी विद्यापीठ १९६२चं. दोन्ही राज्य सरकारची, एकाच २०१६च्या कायद्याखाली चालणारी, आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर बीएस्सीचा सांगाडाही जवळपास एकच: सत्राला २०-२२ क्रेडिट (अभ्यासाचं वजन मोजायचं एकक), तीन वर्षांत पदवी, हवं तर चौथं वर्ष करून ऑनर्स. आई, गणेशखिंडीचा तो मोठा कॅम्पस मुख्यतः एमए-एमएस्सी आणि पीएचडीवाल्यांचा आहे. एफवायची मुलगी शिकणार संलग्न कॉलेजात. विद्यापीठाचं नाव तिला परीक्षेच्या वेळापत्रकावर आणि मार्कशीटवर दिसेल. बाबा कात्रणं काढतात त्या एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीच्या, यादीत विद्यापीठांच्या गुणांपैकी ३० टक्के संशोधनाला असतात. सायलीच्या प्रयोगशाळेत शिक्षक हजर असतात का, हे त्यातून कळत नाही.

जिचं काही ठरलेलं नाही तिनं बघायचं ते एवढंच, की वर्षभरानं मन बदललं तर किती महागात पडेल.

सध्या बीएस्सीच्या पहिल्या वर्षी साधारण तीन मुख्य विषय सारख्याच वजनाचे असतात. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर (मुख्य), एक मायनर (दुय्यम) होतो आणि तिसरा सुटतो. म्हणजे खरी निवड वर्षभरानं करायची आहे, पण ती या तिघांतूनच. म्हणून माहितीपुस्तिकेतलं विषयगटांचं पान सगळ्यात आधी उघडा. समजा, गट आहे भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र. लगेच पुढच्या पानावर टीवायला 'स्पेशल', म्हणजे ज्यात पदवी मिळते तो मुख्य विषय, कोणकोणत्या विषयांचं आहे ते बघा. बऱ्याचदा गटात तीन विषय दिसतात आणि स्पेशल एकाचंच निघतं, कारण बाकीच्यांना शेवटच्या वर्षापर्यंत मान्यता नसते किंवा शिक्षक नसतात. असा गट घेतला तर तिला एफवायलाच कोपऱ्यात ढकलल्यासारखं होईल. तिन्ही विषयांचं स्पेशल असलेला गट मिळाला, तर कॉलेजचं नाव थोडं कमी गाजलेलं असलं तरी मी तोच घ्यायला सांगेन.

पुस्तिकेत न सापडणाऱ्या दोन गोष्टी विभागात जाऊन विचाराव्या लागतात. कायमस्वरूपी शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? आणि गेल्या वर्षी या विषयाला मेजर म्हणून किती मुलं होती? मुलं फार कमी असली की तुकडी सुरू होत नाही आणि ऐनवेळी "दुसरं काहीतरी घे" म्हणतात. प्रात्यक्षिकांचं वेळापत्रकही मागा. दोन क्रेडिटच्या प्रात्यक्षिकाला सत्रात ६० तास हवेत, म्हणजे १५ आठवड्यांत आठवड्याला चार. वेळापत्रकात दोनच दिसले, तर उरलेले फक्त जर्नलमध्ये होतात.

गणिताचं मात्र तिला बजावून सांगा. "नको वाटतं" म्हणून आता सोडलं, तर भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि पुढचं बरंच काही एका सहीत बंद होतं. नंतर गणित सोडता येतं, नंतर धरता येत नाही. सायन्सकडून आर्ट्सला जाता येतं, उलट येता येत नाही, तसंच हे. म्हणून अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्राचा विचार मनात असला तरी एफवाय सायन्समध्ये काढायला हरकत नाही. दुसऱ्या शाखेचा विषय खुल्या निवडीतून (ओपन इलेक्टिव्ह) चाखता येतो. बीबीए-बीसीएला २०२४पासून वेगळी सीईटी आहे. ती दिलेली नसेल तर तो विषय यंदा बहुधा मिटला.

दोघांच्या वादात साताऱ्याचं नाव कुणीच घेतलेलं दिसत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ २०२१ला झालं. रयत शिक्षण संस्थेची तीन जुनी कॉलेजं, सायन्स, आर्ट्स आणि कॉमर्सची, मिळून ते बनलंय. आपल्या कऱ्हाडहून सुमारे ५० किलोमीटर, आणि बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहेच. तिन्ही शाखा एकाच विद्यापीठात असणं तिच्यासारखीच्या सोयीचं ठरू शकतं. एकदा बघून तरी या.

फीचं बघताना 'अनुदानित की विनाअनुदानित' हे विद्यापीठापेक्षा आधी विचारा. एकाच कॉलेजात, एकाच मजल्यावर, अनुदानित तुकडीची फी काही हजारांत असते आणि शेजारच्या विनाअनुदानित तुकडीची त्याच्या कितीतरी पट. कॉम्प्युटर सायन्स, बायोटेक बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतात. पुण्यात वर राहण्याचा खर्च येतो. कॉलेजच्या हॉस्टेलात जागा थोड्या. सदाशिव-नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहायचं तर स्पर्धा परीक्षेवाल्या मुलामुलींशी चढाओढ. माझ्याकडे राहायला ती हवीच आहे, पण माझ्या घरापासून शिवाजीनगरची कॉलेजं दोन बस बदलून आहेत, हेही हिशेबात धरा.

दोन ठिकाणी प्रवेश घेऊन ठेवायचा असेल तर परताव्याचा हिशेब असा. यूजीसीच्या २०१८च्या नियमाप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधी १५ किंवा जास्त दिवस रद्द केला तर थोडं प्रक्रिया शुल्क कापून सगळी फी परत. त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ८०, त्यापुढच्या १५ दिवसांत ५०, मग शून्य. अर्ज लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. 'क्लार्कला सांगितलं होतं' हे चालत नाही.

वर्षानंतर कॉलेज बदलायचं म्हटलं तर मिळवलेले क्रेडिट सरकारी 'क्रेडिट बँके'त (ऑनलाइन खात्यात) सात वर्षं राहतात. दुसऱ्या कॉलेजनं ते घ्यायलाच हवेत असं नाही. त्यांच्याकडे एसवायची जागा रिकामी हवी आणि विषय जुळायला हवेत. त्यापेक्षा पदवी एकीकडे आणि एमएस्सी दुसरीकडे हे सोपं. मायग्रेशन सर्टिफिकेट काढायचं, प्रवेश परीक्षा द्यायची. पुणे यंदा हुकलं तर तीन वर्षांनी येता येईल, आई.

बाबा, तुमच्याकडे एकच काम. सायलीच्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आहे आणि आधारवर शेवटी, शिवाय स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक, काढताना हे अडतं. आधार दुरुस्ती करून घ्या, कॉलेजं मग. आणि लिव्हिंग सर्टिफिकेट कुठेही जमा करण्याआधी त्याच्या पाच-सहा झेरॉक्स साक्षांकित करून ठेवा.

रविवारी तिची विषयगटांची पानं फोटो काढून पाठवा, मी बसते घेऊन.

तुमची,
ताई