चुकीची खात्री देऊन विकलेल्या ग्राफिक्स कार्डाबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: खरेदीपूर्वी विचारलेल्या प्रश्नाला चुकीचे उत्तर देऊन विकलेले ग्राफिक्स कार्ड बदलून मिळण्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात मी आपल्या संकेतस्थळावरून माझ्या धाकट्या भावासाठी संगणकाचे सुटे भाग मागवले. त्यांत रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा (प्रोसेसर आणि इतर भागांमधील जोडण्या सांभाळणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड आणि रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड होते. भाऊ अ‍ॅनिमेशन शिकतो. त्याच्या कामाला पुरेल असा संगणक मोजक्या पैशांत उभा करायचा असल्यामुळे प्रत्येक भाग मी विचारपूर्वक निवडला होता, आणि जिथे शंका होती तिथे आपल्याच प्रतिनिधीला विचारून घेतले होते.

माझी शंका नेमकी या कार्डाबद्दलच होती. हे कार्ड सोळा लेनच्या (माहिती ने-आण करणाऱ्या वाटांच्या) लांब स्लॉटमध्ये बसत असले, तरी प्रत्यक्षात त्याची जोडणी चारच लेनची आहे, हे मी वाचले होते. म्हणून मागणी नोंदवण्याआधी मी चॅटवर विचारले की, या संचात ते पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या, म्हणजे कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या या पद्धतीच्या चौथ्या पिढीच्या, वेगाने चालेल का. “बी५५० बोर्ड ४.० चा आहे, कार्ड पूर्ण वेगाने चालेल,” असे उत्तर मला लेखी मिळाले. आपल्या संकेतस्थळावरील ‘जुळणी तपासा’ या सोयीनेही तिन्ही भागांसमोर हिरवी खूण दाखवली. या दोन्हींवर विसंबून मी पैसे भरले.

हे उत्तर चुकीचे होते. बी५५० बोर्डावरील वरच्या मुख्य स्लॉटच्या लेन चिपसेटमधून येत नाहीत, त्या थेट प्रोसेसरमधून येतात. त्यामुळे त्या स्लॉटचा वेग प्रोसेसर ठरवतो, आणि ५६००जी हा प्रोसेसर पीसीआय एक्सप्रेस ३.० पर्यंतच जातो. नावात ‘जी’ नसलेला ५६०० मात्र ४.० चालवतो. ही माहिती उत्पादकाच्या तपशीलपत्रकात उघडपणे दिलेली आहे. मी ती आधी पाहिली नाही हे खरे, पण ज्यांचा व्यवसायच हे भाग विकण्याचा आहे त्यांना मी थेट प्रश्न विचारला होता.

संगणक जोडून झाल्यावर आम्ही जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर उघडले. काम नसताना कार्ड वीज वाचवण्यासाठी जोडणीचा वेग आपोआप उतरवते, म्हणून ‘बस इंटरफेस’च्या रकान्याशेजारचे प्रश्नचिन्ह दाबून कार्डावर भार टाकला आणि मगच आकडा वाचला. कार्डाची क्षमता ४.० आणि चार लेन, प्रत्यक्ष जोडणी ३.० आणि चार लेन, असे तिथे दिसले. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, स्लॉटच्या वेगाचे पर्याय पाहिले, तर तिथे तिसऱ्या पिढीच्या पुढे काहीच नव्हते.

हा फरक केवळ कागदावरचा नाही. ३.० च्या चार लेनमधून एका दिशेने सेकंदाला जेमतेम ४ जीबी माहिती जाते, ४.० मधून त्याच्या दुप्पट. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला १४४ जीबी वेगाची असल्याने दृश्य ४ जीबीत मावते तोवर काहीच जाणवत नाही. पण टेक्स्चर (दृश्यातील वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रे) वाढून मेमरी भरली की उरलेला भाग रॅममध्ये जातो आणि तिथून याच अरुंद वाटेने ये-जा करू लागतो. भावाने गेम इंजिनमध्ये एका वाड्याचे दृश्य तयार केले आहे. टेक्स्चर मध्यम ठेवले तर त्यात कॅमेरा सुरळीत फिरतो, एक पायरी वाढवले की चौकातून ओसरीकडे वळताना चित्र थबकते, पुढे सरकते आणि पुन्हा थबकते.

दोष कार्डातच असावा अशी शंका नको, म्हणून आम्ही ते मिरजेला भावाच्या मित्राकडे नेले. त्याच्याकडेही बी५५० बोर्ड आहे, पण प्रोसेसर ५६०० आहे. तिथे जोडणी ४.० दिसली आणि तेच दृश्य त्याच सेटिंगवर कितीतरी सुरळीत चालले. म्हणजे कार्ड चांगले आहे, बोर्ड चांगला आहे, प्रोसेसरही चांगला आहे. चूक या तिघांची जुळणी करून देण्यात झाली आहे.

आपल्या सेवा केंद्राने आधी मला कार्ड खालच्या स्लॉटमध्ये लावून पाहण्यास सांगितले. बी५५० वरील तो स्लॉट चिपसेटवर चालतो आणि चिपसेटच्या लेन ३.० च्याच असतात, त्यामुळे त्या सूचनेचा काही उपयोग नव्हता. त्यानंतर, कार्ड सुरू होते म्हणजे ते सुसंगत आहे आणि सील उघडल्यामुळे परत घेता येणार नाही, असे कळवण्यात आले. कार्ड सुरू होते का, असे मी कधीच विचारले नव्हते. ते कोणत्या वेगाने चालेल, एवढेच विचारले होते.

प्रोसेसर बदलून ५६०० देण्याचा प्रस्ताव आपण मांडाल, म्हणून त्याची अडचण आधीच सांगते. आरएक्स ६५०० एक्सटीमध्ये व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे रेकॉर्डिंग करताना व्हिडिओ संकुचित करणारा भाग, नाही. आज भाऊ रेकॉर्डिंगसाठी ५६००जी मधील अंगभूत ग्राफिक्स वापरतो आणि ५६०० मध्ये ते नसते. एक अडचण सोडवताना दुसरी उभी राहील. त्याऐवजी हे कार्ड परत घेऊन आरएक्स ६६०० द्यावे, अशी माझी मागणी आहे. त्या कार्डाला आठ लेन आहेत, त्यामुळे ३.० वरही मला सांगितलेला वेग मिळतो. शिवाय मेमरी ८ जीबी असून एन्कोडरही आहे. दोन्ही कार्डांच्या किमतीतील फरक मी भरेन, मात्र परत पाठवण्याचा खर्च आणि वापरलेल्या कार्डाच्या नावाखाली कोणतीही कपात मला मान्य नाही. तसेच ‘जुळणी तपासा’ या सोयीत प्रोसेसरची पीसीआय एक्सप्रेस पिढी आणि कार्डाच्या लेनची संख्या विचारात घेतली जावी, ही विनंती आहे. बेताच्या पैशांत संगणक जोडणारे अनेक जण त्या हिरव्या खुणेवरच निर्णय घेत असतील.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार, मान्य केलेल्या वैशिष्ट्यांप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. याच नियमांनुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर सांगली येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

सोबत बीजक, चॅटची प्रत, जुळणीच्या पानाचे छायाचित्र, आणि दोन्ही संगणकांवरील जीपीयू-झेडची छायाचित्रे जोडली आहेत. कार्ड मूळ खोक्यात, सर्व साहित्यासह, परत पाठवण्यासाठी तयार ठेवले आहे.

आपली विश्वासू,
एक ग्राहक, सांगली