आतल्या खोलीतला टीव्ही

बाणेर, बुधवार रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
सा. न. वि. वि.

बाबा, 'तीर्थस्वरूप' नाही लिहिलेलं बघा. सख्ख्या आईवडलांना तीर्थरूप, बाकीच्यांना तीर्थस्वरूप, चौथीत यावरून टपली खाल्लीय ती अजून लक्षात आहे. बाणेरहून कोथरूडला पत्र कोण लिहितं म्हणाल, पण फोनवर तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणता आणि समोर आले की आई "पोहे टाकू का" म्हणून विषयच उडवून लावते, म्हणून शेवटी लिहूनच काढलं. मोठ्या अक्षरात प्रिंट मारलीय, भिंग लागणार नाही.

तर, शनिवारी सकाळी अकराला वायरमन येतोय. ठरलंय, त्याला ॲडव्हान्सही देऊन झालाय. आईच्या खोलीत टीव्ही लागणार. आमचाच जुना बत्तीस इंची, कपाटाच्या शेजारच्या भिंतीवर, म्हणजे उशीला टेकून मान न वळवता दिसेल असा. टीव्ही विकत घेतलेला नाही हे आधी सांगते म्हणजे बाबांचा निम्मा राग इथेच उतरेल.

उरलेला निम्मा उतरवायला सांगते की नवीन कनेक्शनही घेतलेलं नाही. हॉलमध्ये आहे तोच सेट टॉप बॉक्स दोन्ही खोल्यांना चालणार. गणपतीत तुम्ही म्हणाला होतात की छत्रीची वायर मधे कापायची, तपकीर गल्लीतून एक स्प्लिटर आणायचा आणि दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी जुना बॉक्स लावायचा, झालं काम. बाबा, ते तसं नाही होत, मीही तेच समजत होते. बॉक्स त्याच वायरीतून वर छत्रीच्या एलएनबीला, म्हणजे तिच्या पुढच्या दांड्यावर असते त्या डबीला, कधी १३ व्होल्ट पाठवतो कधी १८, त्यावरून एलएनबी कुठल्या लहरी घ्यायच्या ते ठरवतो. एका वायरीवर दोन बॉक्स बसवले की एक म्हणणार तेरा, दुसरा म्हणणार अठरा, आणि कुणाचे तरी निम्मे चॅनल गायब. थोडक्यात आपलं साताऱ्याच्या घराचं प्रकरण. दोन बॉक्स हवेतच तर दोन तोंडांचा एलएनबी, गच्चीपासून दुसरी वायर आणि दर महिन्याला दुसरं रिचार्ज. ट्रायने, म्हणजे टीव्ही-फोन कंपन्यांना नियम घालून देणाऱ्या सरकारी संस्थेने, पूर्वी २०० चॅनलपर्यंत नेटवर्क फी १३० रुपयांवर आणि दुसऱ्या टीव्हीची त्याच्या ४० टक्क्यांवर बांधून ठेवली होती, २०२४ मध्ये ते बंधन काढलं, आता कंपनी मागेल ते. तुम्हीच मला ते कात्रण पाठवलं होतंत.

दादाशी पण बोलले. त्याचं नेहमीचंच, दोन स्मार्ट टीव्ही घ्या, डिशबिश काढून टाका, सगळं नेटवर बघा. तिकडे बसून सोपं आहे बोलायला. आईला त्या रिमोटवर आधी ॲप शोधायचं, मग त्यात चॅनल शोधायचा, तोवर सिरियलमधलं लग्न लागून माणसं घरी गेलेली असतात. आणि बाबांना सगळे चॅनल नंबरांनी पाठ आहेत, ते पाठांतर वाया घालवायचं नाही मला.

आता काय करणार ते ऐका. बॉक्सच्या मागे एचडीएमआयचा एकच सॉकेट असतो, तिथे एक छोटी डबी लागेल, ती चित्राचे दोन भाग करते, म्हणजे एकासारखी एक दोन चित्रं. एक हॉलच्या टीव्हीला, दुसरं माळ्यावरून आत. माळ्यावरून अंतर चौदा मीटर भरलं (मोजलं मी, मागच्या रविवारी टेप घेऊन चढले होते तेव्हा आईला सांगितलं की पितळी डबा शोधतेय) आणि इतकी लांब साधी एचडीएमआय वायर टाकली की चित्र कधी येतं कधी जातं, म्हणून वायरमन म्हणाला कॅट सिक्स टाकू, इंटरनेटची असते ना ती, दोन टोकांना दोन डब्या. सगळं धरून अडीच हजारांच्या आत. भिंत फोडायची नाही, पट्टीतून जाईल, रंगाला धक्का नाही.

मुख्य गोष्ट आईसाठी. आतल्या टीव्हीखाली एक काळा मणी चिकटवणार आहेत, हरभऱ्याएवढा. तो रिमोटचा डोळा. पलंगावरून त्याच्याकडे धरून बटण दाबायचं, तो वायरीतून हॉलमध्ये निरोप पाठवतो, तिथे बॉक्सच्या पुढ्यात तसाच दुसरा मणी, तो बॉक्सला सांगतो की चॅनल बदल. म्हणजे उठायचं नाही, वॉकर नाही, "अहो, जरा बदला ना" अशी हाक पण नाही.

हे मला वायरमनने समजावलं तेव्हा मी हसत सुटले, त्याला वाटलं बाई वेडी आहे. मला शनिवार पेठेतला वाडा आठवला. बाबा कौलांवर, अँटेनाचं तोंड सिंहगडाकडे कारण मुंबई दूरदर्शन आपल्याला तिथल्या टॉवरवरून दिसायचं, आई आत टीव्हीसमोर पदराला हात पुसत, आणि मी जिन्यात. आई म्हणणार "मुंग्या आहेत अजून", मी वर ओरडणार "बाबाऽ मुंग्याऽ", तुम्ही दांडा फिरवणार, आई म्हणणार "आलं... गेलं", पण मी "आलं"वरच ओरडलेलं असायचं त्यामुळे तुम्ही हात काढून मोकळे. मग खाली येऊन मला शिव्या. निरोप पूर्ण ऐकून घेत जा म्हणून. तर तो मणी म्हणजे जिन्यातली मी, फक्त तो अर्धवट निरोप देत नाही.

बरं. दोन्हीकडे दिसणार मात्र एकच चॅनल. बॉक्स एक, तो एका वेळी एकच दाखवतो. हॉलमध्ये मॅच आणि आत सिरियल असं होणार नाही. हे मला माहीत होतं आणि तरी मी हेच ठरवलं. पैशाचं कारण वर दिलंय, ते खरं आहे पण सगळं खरं नाही. महिन्याचे ते दोनतीनशे रुपये मी भरले असते, तुम्हाला कळूही दिलं नसतं, फ्रिजच्या वेळी नाही का केलं.

मागच्या मंगळवारचं मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. तुम्ही दोघांपैकी कुणी नाही. आई, तू म्हणतेस "पडले नाही गं, बसले". बाथरूमच्या उंबऱ्याशी माणूस रात्री दहाला असाच हौसेने बसत नाही. वीस मिनिटं हाका मारत होतीस आणि हॉलमध्ये मॅच चालू होती, आवाज चाळीसवर, आणि बाबांना कळलं कधी तर लाइट गेली तेव्हा. टीव्ही बंद पडला म्हणून तुझा आवाज ऐकू आला. लाइट गेली नसती तर? मी हे दिवसातून दहा वेळा मनात म्हणते आणि मग बोटांवर हिशोब करते की त्या संध्याकाळी तुझा फोन आला होता, मी मीटिंगमध्ये होते, "नंतर करते" म्हटलं आणि केलाच नाही.

बाबा, तुम्हाला बोल लावत नाहीये. खरंच नाही. ऑपरेशननंतर चार महिने तिला गरम पाण्याची पिशवी, गोळ्या, व्यायामाचे आकडे वहीत, सगळं तुम्हीच करताय, मी महिन्यातून दोनदा डबा घेऊन येते आणि उपदेश करून जाते. कान कमी ऐकतात यात तुमचा काय दोष. मी ते ब्लूटूथचे हेडफोन बघितले होते तुमच्यासाठी, कार्टमध्ये टाकलेसुद्धा, मग लक्षात आलं की ते कानाला लावल्यावर तर तिची हाक अजिबातच येणार नाही. काढून टाकले.

म्हणून दुसरा बॉक्स नाही. दुसरा बॉक्स आला की तुम्ही हॉलमध्ये, ती आत, आणि मधे बंद दार, रोज रात्री. साडेआठनंतर हॉलमधला टीव्ही बंद करायचा आणि आत जाऊन बघायचं, तीच मॅच, तेच चित्र. तुमची वेताची खुर्ची आत जाईल, खिडकीशी, तिचं माप घेतलंय, पलंग चार बोटं सरकवला की बसते. पाय ठेवायला स्टूल मी आणते. दिवसा हॉलमध्ये बसा, पेपर तिथे, उजेड तिथे, त्याला कुणी हात लावत नाही.

आता नियम, दोघांनी नीट वाचा. बॉक्सचा आवाज कायम पूर्ण ठेवायचा आणि कमी-जास्त करायचा तो ज्याच्या त्याच्या टीव्हीच्या रिमोटने, नाहीतर बाबांनी हॉलमध्ये आवाज वाढवला की आत आई दचकून उठणार. बॉक्सच्या रिमोटला लाल टेप, आतल्या टीव्हीच्या रिमोटला पिवळी. साडेसात ते साडेआठ आईची सिरियल, पॉवरप्ले चुकेल, चुकू दे, धावा स्कोअरबोर्डवर दिसतातच. टीव्ही काळा पडला तर घाबरायचं नाही आणि वायरी ओढायच्या नाहीत, सगळं बंद करून आधी टीव्ही, मग डबी, मग बॉक्स असं चालू करायचं. मावशींना सांगा की तो मणी म्हणजे झुरळ नाही, फडक्याने झटकू नका. पलंगाशी बिनतारी बेल लावतेय, तिचा आवाज स्वयंपाकघरात पण येतो, आई, ती वाजवायला लाजायचं नाही.

आणि बाबा, गच्ची. पाऊस तोंडावर आलाय. धो धो पाऊस लागला की सिग्नल जातो, तो पावसानेच अडवलेला असतो, दहा मिनिटांत आपोआप परत येतो. मागच्या जूनमध्ये पाना घेऊन वर गेला होतात ते मला माहितीय. ही काही सिंहगडाकडे बघणारी अँटेना नाही, तिचं तोंड आग्नेयेला, ३६,००० किलोमीटरवरच्या सॅटेलाइटकडे आहे, नट केसभर हलला की सगळं गेलं, मग माणूस बोलवावाच लागतो. गच्चीची किल्ली मी वॉचमनकडून काढून घेतलीय. रागवा.

बॉक्सचा लाल टेपवाला रिमोट मात्र आईच्या उशाशी राहणार. तसा दुसरा तपकीर गल्लीत मिळतो, मी मुद्दाम आणलेला नाही. तीस वर्षं झाली तुमच्या हातात, आता चॅनल हवा तर आत येऊन मागायचा. हॉलमधून ओरडायचं नाही, जिन्यात आता कुणी नाहीये.

शनिवारी मी साडेदहालाच येते. आई, पोहे करायचे नाहीत, ओट्याशी उभं राहायचं नाही, मी इडल्या आणते, तू फक्त वायरमनला चहात साखर किती ते विचार, तेवढं बसल्या जागी जमेल. माळ्यावरचं सामान मी काढीन, बाबांनी शिडी धरायची. नुसती धरायची.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा, पण मंगळवारचा भाग गाळा. तुम्हाला बोलले असं वाटून ती माझ्यावरच चिडेल, आणि मग इडल्या पण खाणार नाही.