कार्बन पकडाल, पण ठेवणार कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

केंद्र सरकारने 2026-27 च्या अर्थसंकल्पात कार्बन, म्हणजे कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वायू, पकडणे, वापरणे आणि साठवणे यासाठी पाच वर्षांत 20,000 कोटी रुपयांची तरतूद प्रस्तावित केली असून वीज, पोलाद, सिमेंट, तेलशुद्धीकरण आणि रसायने ही पाच क्षेत्रे त्यासाठी निवडली आहेत. तरतूद स्वागतार्ह आहे. मात्र हा पैसा धुराड्यावर यंत्रे बसवण्याचे अनुदान म्हणून कारखान्यांना वाटला गेला, तर पाच वर्षांनी यंत्रे उभी राहिलेली दिसतील, पकडलेला वायूही असेल आणि तो ठेवायला जागा नसेल. वायू पकडणे हे उद्योगाचे काम आहे; तो वाहून नेण्याची व जमिनीखाली कायमचा ठेवण्याची सोय करण्यात मोठा वाटा सरकारने उचलायला हवा, आणि निधीतला पहिला पैसा तिकडेच जायला हवा.

या बाबतीत नॉर्वेचा अनुभव नीट पाहण्यासारखा आहे. तेथील संसदेने डिसेंबर 2020 मध्ये ‘लाँगशिप’ या कार्बन पकडून साठवण्याच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भार सरकारने स्वीकारला. ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात त्यातून उभारलेली यंत्रणा वर्षाला सुमारे 4 लाख टन, म्हणजे कारखान्याच्या एकूण उत्सर्जनाच्या जवळपास निम्मा, कार्बन डायऑक्साइड पकडू शकते. अमाइन या रसायनाच्या द्रावणात शोषलेला वायू पुन्हा मोकळा करायला भरपूर उष्णता लागते. ती भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून मिळवली जाते, आणि तेवढी उष्णता जितक्याला पुरते तितकाच वायू पकडायचा, असा तो हिशेब आहे. पुढे हा वायू द्रवरूपात जहाजाने बर्गनजवळच्या ओयगार्डन येथे नेला जातो आणि तेथून सुमारे 100 किलोमीटरच्या वाहिनीने समुद्रतळाखाली 2,600 मीटर खोलवरच्या वालुकाश्मात सोडला जातो. ऑगस्ट 2025 मध्ये त्याची सुरुवात झाली. वाहतूक व साठवणुकीचे काम इक्विनॉर, शेल आणि टोटलएनर्जीज यांच्या भागीदारीतील कंपनी करते. तिची पहिल्या टप्प्याची क्षमताच वर्षाला 15 लाख टन ठेवली होती, म्हणजे एकट्या ब्रेविकच्या गरजेच्या कितीतरी पट. त्यामुळे नेदरलँड्समधील खत कारखाना आणि डेन्मार्कमधील वीजकेंद्रे पुढे ग्राहक म्हणून जोडली गेली. जागा तयार आहे म्हटल्यावर ग्राहक आले.

अर्थात नॉर्वेत केवळ अनुदानावर हे घडले नाही. समुद्रातील तेल-वायू उद्योगावर तेथे 1991 पासूनच कार्बन कर आहे, आणि स्लाइप्नर या समुद्रातील वायुक्षेत्रात 1996 पासून वर्षाला सुमारे 10 लाख टनांपर्यंत वायू पुरला जाऊ लागला तो या कराच्या धाकाने. तरीही अडचणी चुकल्या नाहीत. स्नोव्हिट या दुसऱ्या वायुक्षेत्रात खडकातील दाब अपेक्षेपेक्षा लवकर वाढल्याने वायू दुसऱ्या थरात वळवावा लागला; ऑस्लोच्या कचरा जाळणाऱ्या केंद्रातील काम खर्च वाढल्यामुळे 2023 मध्ये थांबवावे लागले. ब्रिटनची कथा त्याहून बोलकी आहे. तेथील सरकारने नोव्हेंबर 2015 मध्ये, निवड अंतिम टप्प्यात असताना, कार्बन पकडून साठवणाऱ्या प्रकल्पांना निधी देण्यासाठीची 1 अब्ज पौंडांची स्पर्धा अचानक रद्द केली आणि वर्षानुवर्षे तयारी केलेल्या कंपन्यांना हात हलवत परत जावे लागले. सरकारचा शब्द असा फिरत असेल, तर कोणता उद्योजक वीस वर्षांचा करार करील?

आपल्याकडे प्राधान्य सिमेंटला मिळावे, असे मला वाटते. सिमेंटच्या उत्सर्जनाचा निम्म्याहून अधिक भाग कोळशातून येत नाही, तर चुनखडी भाजताना तिच्यातूनच बाहेर पडतो. भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी तो निघणारच. विजेला पर्याय आहेत, क्लिंकरला, म्हणजे चुनखडी भाजून बनणाऱ्या सिमेंटच्या मूळ घटकाला, अजून पुरेसे नाहीत. म्हणून औष्णिक वीजकेंद्रांचे आयुष्य लांबवण्यासाठी हा निधी खर्ची पडू नये.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, घुग्घुस असा सिमेंटचा मोठा पट्टा आहे आणि समुद्र येथून चारशे किलोमीटरहून दूर आहे. एकेका कारखान्याने स्वतःची वाहिनी टाकणे परवडणारे नाही. सामाईक वाहिनी आणि सामाईक साठवण सरकारच्या पुढाकाराशिवाय होणार नाही. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, हा वायू मुरवून त्याचा दगड करता येईल का, याचा अभ्यास आयआयटी मुंबईसारख्या संस्थांत होत आहे. आइसलँडमध्ये ते साधले आहे, आणि तेथे वायूचा बहुतांश भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे आढळले. पण त्या पद्धतीत एक टन वायूसाठी सुमारे 25 टन पाणी लागते. विदर्भ-मराठवाड्यात हे पाणी कोठून आणणार, हे विंधन यंत्र गावात येण्याआधी सांगितले गेले पाहिजे.

निधीचा पहिला हप्ता देण्यापूर्वी सरकारने तीन अटी कराराच्या मसुद्यातच जाहीर कराव्यात. अनुदान बसवलेल्या यंत्रांवर न देता प्रत्यक्ष पुरलेल्या टनांवर द्यावे. साठवण बंद झाल्यानंतर गळतीची जबाबदारी किती वर्षे कंपनीची आणि केव्हापासून सरकारची, हे ठरवावे; युरोपीय संघाच्या 2009 च्या निर्देशात हा काळ साधारणपणे किमान वीस वर्षांचा आहे. आणि 2023 मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत पुरलेल्या टनाची मोजणी कशी होणार, तेही स्पष्ट करावे. मसुदा मराठीतूनही प्रसिद्ध व्हावा आणि ज्यांच्या शिवाराखाली हा वायू जाणार त्या ग्रामसभांपुढे तो आधी ठेवला जावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, गडचांदूर (जि. चंद्रपूर)